‘मतपरीक्षा’ ते मुक्ती : चिन्हांवाचून उभा राहिलेला विश्वास

इ. स. १८३९ मध्ये कलकत्ता येथील बिशप्स कॉलेजच्या छापखान्यातून ‘मतपरीक्षा’ नावाचे एक छोटेखानी संस्कृत पुस्तक बाहेर पडले. त्याचे कर्ते जॉन मूर हे मिशनरी नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी सेवेतील ते एक स्कॉटिश अधिकारी होते आणि संस्कृताचा व्यासंग त्यांनी नोकरी सांभाळून चालविला होता. गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने, श्लोकबद्ध रचनेत, त्यांनी या देशातील शास्त्रीमंडळींपुढे एक प्रश्न मांडला: अनेक मते आपणच सत्य असे म्हणत असता खरे मत ओळखावे कसे? उत्तरादाखल त्यांनी तीन लक्षणे सांगितली. मतसंस्थापकाच्या अंगी अद्भुत कृत्ये करण्याचे सामर्थ्य असावे व त्यास विश्वसनीय साक्ष असावी. त्या मताचे शास्त्र पवित्र असावे. आणि ते एका जातीपुरते वा देशापुरते नसून सर्व मानवजातीसाठी असावे. या तिन्ही कसोट्यांना ख्रिस्ती मतच उतरते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

यातील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. पहिले स्थान चमत्कारांना मिळाले. मूर यांच्या पिढीला त्यात काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते. १७४८ साली डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने चमत्कारांच्या साक्षीवर कठोर हल्ला चढविला. १७९४ साली विल्यम पेली यांनी ख्रिस्ती धर्माच्या पुराव्यांवर ग्रंथ लिहून त्यास उत्तर दिले, आणि तो ग्रंथ पुढे केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना दीर्घकाळ नेमलेला होता. धर्मसमर्थन म्हणजे पुराव्यांची मांडणी, असे समीकरण त्या काळी इंग्लंडात रूढ झाले. चमत्कार म्हणजे जणू राजाच्या फर्मानावरील मोहोर: मोहोर अस्सल ठरली की आतील मजकूर वाचण्यापूर्वीच तो शिरसावंद्य. या शिक्षणात वाढलेले लोक या देशात आले तेव्हा तीच मोहोर त्यांनी प्रथम पुढे केली.

हा जुना वाद आज उकरून काढण्यास कारण आहे. आमच्या मंडळ्यांतील पाळक व धर्मशिक्षक यांना आज पुन्हा त्याच मोहोरेच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागत आहे, आणि तेही बाहेरच्या शास्त्र्यांकडून नव्हे, तर घरच्या माणसांकडून. आरोग्यसभेची जाहिरात भिंतीवर लागते. गावातील चार कुटुंबे तिकडे जातात. एखादे बरे होऊन येते आणि बाकीची तशीच परत येतात. मग त्या न बऱ्या झालेल्यांना कोणीतरी सांगतो की, तुमचा विश्वास उणा पडला. रोगाच्या जोडीला हा दोष घेऊन ती माणसे रविवारच्या उपासनेत मागच्या रांगेत बसतात. त्यांना काय सांगावे, हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. म्हणूनच आमच्याच मराठी ख्रिस्ती पूर्वजांनी चिन्हे व विश्वास यांचा संबंध कसा लावला, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

‘मतपरीक्षे’ला तीन ठिकाणांहून संस्कृतातच उत्तरे आली. पहिले १८३९ सालीच, भोपाळजवळच्या सिहोरहून. ‘मतपरीक्षाशिक्षा’ या त्या ग्रंथावर सोमनाथ असे नाव आहे. हे टोपणनाव असून खरे कर्ते सुबाजी बापू हे मराठी शास्त्रीच असावेत, असे अभ्यासकांचे मत आहे. हे सुबाजी बापू मोठे ज्योतिषी. भोपाळचे पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन यांच्या सिहोरच्या शाळेत ते सिद्धांतज्योतिषाच्या आधारे पुराणांतील भूगोलखगोल तपासून पाहत असत. पृथ्वी सपाट नाही, हे आपल्याच परंपरेतील भास्कराचार्यांच्या बळावर सांगण्याचे धैर्य असलेला हा माणूस होता. अद्भुत कथांनी भारून जाणाऱ्यांपैकी तो नव्हता, हे सांगावयास नकोच. त्याचे उत्तरही सौम्य आहे: ज्याची जशी प्रकृती व अधिकार, तसा त्याचा धर्म, देवाने अनेक मार्ग ठेविले असता एकाने दुसऱ्याची निंदा कशास करावी? दुसरे उत्तर १८४० साली कलकत्त्याच्या हरचंद्र तर्कपंचानन यांनी दिले, आणि ते मात्र तिखट आहे. तिसरे काशीतून आले. त्याचे कर्ते नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे तेव्हा विशीच्या आतबाहेरचे चित्पावन तरुण होते. त्यांच्याकडे आपणांस पुढे वळावयाचे आहे.

चमत्काराचा दाखला दोन्ही बाजूंना सारखाच लागू पडतो, हा या उत्तरांचा एक रोख होता. तुमच्या ग्रंथांत आहेत तशी अद्भुते आमच्याही पुराणांत आहेत; तुमची खरी आणि आमची कल्पित, हे ठरविणार कोण? मराठी मुलखात तर हा आक्षेप शास्त्र्यांपुरता नव्हता. रेड्यामुखी वेद वदविल्याची आणि भिंत चालविल्याची कथा ज्या घरात आजी नातवंडांस सांगत होती, त्या घरात पाण्यावरून चालल्याची कथा ऐकून कोणी दचकले नसते. ऐकणारा हात जोडून म्हणाला असता, तेही थोर महात्मे होते. वाद न होताच वादाचा निकाल लागला असता.

याच्या मुळाशी आणखी खोल कारण आहे, आणि आमच्या मते ते मूर यांच्या ध्यानात पुरतेपणी आले नव्हते. भारतीय परंपरेत अद्भुत सामर्थ्य हे सत्याचे लक्षणच मानलेले नाही. पतंजलींच्या योगसूत्रांचा तिसरा पाद सिद्धींच्या वर्णनाने भरलेला आहे. पण त्याच पादात, या सिद्धी समाधीच्या वाटेतील विघ्ने होत, असाही इशारा आहे. ज्याला सिद्धी प्राप्त झाली तो सामर्थ्यवान खरा. पण तो सत्य सांगतो की नाही, हा वेगळा प्रश्न. हे ऐकून आम्हां ख्रिस्ती लोकांनी बिचकण्याचे कारण नाही, कारण अनुवादाच्या तेराव्या अध्यायाचे म्हणणे याहून फार वेगळे नाही. तेथे मोशे इस्राएलास बजावतो की, संदेष्ट्याने दिलेले चिन्ह घडून आले तरीही, तो अन्य देवांकडे नेत असेल तर त्याचे ऐकू नये. चिन्हाची परीक्षा संदेशावरून व्हावयाची. संदेशाची चिन्हावरून नव्हे. परूश्यांनी आकाशातील चिन्ह मागितले तेव्हा प्रभूने नकार दिला, आणि योनाच्या चिन्हावाचून दुसरे मिळणार नाही असे सांगितले. धनवान मनुष्य व लाजर यांच्या दाखल्याचा शेवटही हेच दाखवितो की, ज्यांनी मोशे व संदेष्टे यांचे ऐकले नाही त्यांची खात्री मेलेला उठून आल्यानेही पटणार नाही. मूर यांनी जी कसोटी पहिली धरली ती खुद्द शुभवर्तमानात पहिली नाही.

आता नीळकंठशास्त्र्यांकडे वळू. जन्म १८२५ चा, बुंदेलखंडातील, वाढले काशीत. मिशनऱ्यांना निरुत्तर करावे या हेतूनेच त्यांनी ख्रिस्ती ग्रंथ हाती घेतले. १८४४-४५ च्या सुमारास त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला. सहा अध्यायांचा हा ग्रंथ बरीच वर्षे हस्तलिखितातच राहिला. १९५१ साली उज्जैनच्या सिंधिया प्राच्य संस्थेने सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांच्या संपादनाखाली तो छापला. माळव्यातील आमच्या वाचकांना हा ग्रंथ आपल्या शेजारीच छापला गेला याची कल्पना कदाचित नसेल. त्यातील मुख्य सूत्र असे की, केवळ बुद्धीच्या बळावर धर्माचा निर्णय करू जाणारा भरकटतो. श्रद्धा आधी, आणि बुद्धीने तिच्यामागून चालावे. या जन्मी काही न केलेल्या जीवांच्या वाट्यास दुःख का यावे, याचे ख्रिस्ती मतापाशी उत्तर काय, असाही प्रश्न त्यांनी केला. तो प्रश्न आजही कोणत्याही रुग्णशय्येजवळ उभा असतो.

ज्याने मूर यांच्या कसोट्या परतवून लावल्या त्याच माणसाने तीनचार वर्षांत, मार्च १८४८ मध्ये, जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला व नेहेम्या हे नाव धारण केले. मध्यंतरी काय घडले? कोणी आजारातून उठले नव्हते, कोणास दृष्टान्त झाला नव्हता. खंडन करण्यासाठी उघडलेल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात डोंगरावरील प्रवचन होते, आणि त्या वचनांनी त्यांच्या मनात प्रथम घर केले. मोहोरेने जे झाले नाही ते मजकुराने झाले. ‘मतपरीक्षे’च्या सगळ्या इतिहासात आम्हांस हीच गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. काशीचे मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशी त्यांची वर्षानुवर्षे चर्चा चालली होती, हेही खरे. पण चर्चेने वाट मोकळी केली, एवढेच. चालावयास लाविले ते प्रवचनाने.

पुढचे आयुष्य सुखाचे नव्हते. नातलग तुटले. १८५३ साली कन्या एलन लक्ष्मी जन्मली आणि तिची आई लवकरच निवर्तली. (ही कन्या पुढे इंग्लंडात वाढली व इंग्रजी गीतकर्त्री म्हणून प्रसिद्धीस आली.) १८५४ मध्ये महाराजा दुलीपसिंग यांच्या परिवारातून ते विलायतेस जाऊन आले. १८६० साली त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हिंदीत प्रसिद्ध झाला. १८६८ मध्ये त्यांना डीकनपदाची दीक्षा मिळाली, १८७० मध्ये धर्मगुरुपदाची. काही काळ ते काउली फादर्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संन्यस्त संघात उमेदवार होते, आणि पुण्याच्या पंच हौद परिसरातही त्यांनी सेवा केली. या साऱ्या काळात शंकांनी त्यांची पाठ कधी सोडली नाही. बुद्धी इतकी सूक्ष्म की प्रत्येक उत्तरातून नवा प्रश्न निघे. त्यांच्या चरित्रात असा एकही दिवस सापडत नाही की ज्या दिवशी एखाद्या अद्भुताने ते सर्व प्रश्न मिटले. रोजची प्रार्थना, उपवास, प्रभुभोजन, आणि समोर येईल त्या जिज्ञासूशी धीराने बोलणे, एवढ्यावर त्यांनी १८९५ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, सत्तेचाळीस वर्षे विश्वास राखला. शंका असलेला मनुष्य अविश्वासी, असे जे सरसकट बोलले जाते त्यास फादर गोऱ्हे यांचे आयुष्य हे पुरेसे उत्तर आहे.

मूर यांच्याविषयीही एक शब्द सांगितला पाहिजे. १८५३ नंतर ते मायदेशी परतले, १८६२ साली एडिंबरो विद्यापीठात संस्कृतचे अध्यासन त्यांनी स्थापन करविले, आणि उतारवयात वादग्रंथ बाजूस ठेवून संस्कृत मूलग्रंथांचे संकलन केले. १८७५ साली त्यांनी संस्कृत कवींच्या नीतिपर व भक्तिपर सुभाषितांचा इंग्रजी पद्यानुवाद प्रसिद्ध केला. ज्या साहित्याला त्यांनी तरुणपणी कसोटीवर नापास केले होते त्यातील चांगले वेचून काढण्यात त्यांचा शेवटचा काळ गेला.

फादर गोऱ्हे यांच्या लेखनाने ज्यांना ख्रिस्ताकडे वळण्यास साहाय्य झाले त्यांत पंडिता रमाबाई होत्या. त्यांनी स्वतःच तशी नोंद केली आहे. रमाबाईंच्या बाबतीत मात्र चमत्काराचा प्रश्न पुस्तकातून आलेला नव्हता. तो त्यांनी उपाशीपोटी सोसलेला होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान व अत्यंत श्रद्धाळू. सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरे. होते ते द्रव्य दानधर्मात व अनुष्ठानांत संपले. दुष्काळात अन्न मिळेना तेव्हा देव प्रत्यक्ष साहाय्य करील या आशेने त्यांनी व्रते व जप वाढविले. १८७४ पासूनच्या त्या काळात वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. रमाबाई व बंधू श्रीनिवास पायी चालत उत्तरेकडे निघाले.

त्या प्रवासातील एक प्रसंग रमाबाईंनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत सांगितला आहे. हिमालयाच्या बाजूस एका तळ्यात सात तरंगते पर्वत असल्याची ख्याती होती. ते सात ऋषी होत, निष्पाप यात्रेकरू काठाशी आला म्हणजे ते त्याच्याकडे सरकत येतात, पाप्यासाठी मात्र जागचे हलत नाहीत, असे सांगितले जाई. पाण्यात सुसरी आहेत, उतरू नका, असे पुजाऱ्यांनी बजावले होते. श्रीनिवास पहाटे कोणी नसताना पोहत गेले. पाहतात तो लाकडाबांबूंच्या तराफ्यांवर माती रचून झाडे लावलेली, आणि मागे एका होडीत माणूस बसण्याची सोय! दक्षिणा पोचली म्हणजे पर्वतास ढकलणारा हा ऋषी असे.

हे वाचून परधर्मीयांना हसण्याचा मोह कोणास झाल्यास त्याने इंग्लंडातील केंट परगण्याच्या बॉक्सली मठाची आठवण ठेवावी. तेथील क्रुसावरील ख्रिस्तमूर्ती डोळे व ओठ हालवून भक्तांना उत्तर देई अशी कीर्ती होती. १५३८ साली ती मूर्ती उतरविली तेव्हा आतून तारा व कळसूत्रे निघाली. होडीतला माणूस सर्व धर्मांत सापडतो. मात्र त्या तळ्याकाठच्या कथेत फसवणुकीपेक्षाही क्रूर असे काही आहे. पर्वत हलला नाही म्हणजे यात्रेकरू पापी ठरे. खर्च त्याचा, पायपीट त्याची, आणि दोषही त्याचाच! न बरे झालेल्या रोग्यास विश्वासाचा उणेपणा दाखविणारा आजचा उपदेशक नेमके हेच करीत नाही काय?

रमाबाईंना ख्रिस्ती धर्माकडे ओढले ते अद्भुतांनी नव्हे, हे यावरून समजण्यासारखे आहे. इंग्लंडात वाँटिजच्या भगिनींनी लंडनजवळ फुलहॅम येथे चालविलेला, पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांचा आश्रम त्यांनी पाहिला. ज्यांना कोठेही थारा नव्हता त्यांची सेवा या स्त्रिया कशासाठी करतात, असे त्यांनी विचारले तेव्हा त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. १८८३ च्या सप्टेंबरात त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरही त्रैक्य, ख्रिस्ताचे देवपण, चर्चचा अधिकार यांविषयी त्यांनी आपल्या वडीलधाऱ्या भगिनींशी पत्रांतून कसून वाद घातला. गोऱ्हे यांच्याप्रमाणे त्यांचीही वाट प्रश्नांतूनच गेली. सुमारे १८९१ मध्ये त्यांना ख्रिस्ताच्या सान्निध्याची नवी प्रचीती आली, असे त्या सांगतात. तोपर्यंत आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे.

आणि मग केडगावच्या मुक्ती सदनात खरोखरीच चिन्हे आली. हा भाग टाळून रमाबाईंना आपल्या पक्षात ओढणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९०५ च्या जानेवारीत सुमारे सत्तर स्त्रियांनी उज्जीवनासाठी रोज प्रार्थना सुरू केली. जूनपर्यंत त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली. २९ जूनच्या पहाटे एका मुलीवर अग्नी उतरल्याचे तिच्या सोबतिणींना दिसले आणि एकजण विझविण्यासाठी पाण्याची बादली घेऊन धावली, असे त्या काळच्या वृत्तांतांत आहे. पश्चात्तापाचे रुदन, आनंद, पुढे अन्य भाषांत बोलणे, हे सारे तेथे घडले. सहकारी मिनी एब्रम्स यांची त्यावरील पुस्तिका १९०६ साली प्रसिद्ध झाली व दूरदेशी वाचली गेली.

या प्रसंगी रमाबाईंनी जो विवेक दाखविला तो आमच्या मते मराठी ख्रिस्ती परंपरेचे एक अमोल धन आहे. त्यांनी चिन्हांची थट्टा केली नाही. आपल्या मुलींचे रुदन व हर्ष परदेशी वाचकांस चमत्कारिक वाटेल याची त्यांना जाणीव होती, तरी त्यांनी ते दडपले नाही. पण १९०७ साली त्यांनी असेही स्पष्ट लिहिले की, अन्य भाषा हे आत्म्याच्या बाप्तिस्म्याचे एक चिन्ह असले तरी तेच एकमेव व अवश्य चिन्ह आहे, असे म्हणण्यास शास्त्रात आधार नाही. जिला अन्य भाषा आली नाही ती मुलगी उणी ठरली नाही. तळ्याकाठी पर्वत न हलल्यामुळे पापी ठरणे म्हणजे काय, हे ठाऊक असलेल्या बाईच्या हाती मुक्तीची सूत्रे होती, हे त्या मुलींचे भाग्यच.

भाषांच्या दानाचा विषय निघालाच आहे, तर गोव्यातील वाचकांसाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते. संत फ्रान्सिस झेवियर यांना १६२२ साली संतपद दिले गेले तेव्हा त्यांच्या अद्भुतांत भाषांच्या दानाचाही समावेश झाला होता. परंतु झेवियर यांची स्वतःची पत्रे निराळेच चित्र देतात. पारवांच्या किनाऱ्यावर त्यांनी तमिळ जाणणाऱ्या माणसांना जमवून विश्वासांगीकार, दहा आज्ञा व प्रार्थना यांचे भाषांतर मोठ्या कष्टाने करवून घेतले, ते पाठ केले, आणि हाती घंटा घेऊन ते मुलांना गोळा करीत गल्लोगल्ली हिंडले. कोणता झेवियर आमच्या धर्मशिक्षकांच्या अधिक उपयोगाचा आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तेव्हा चमत्कार होतच नाहीत, असे लोकांस सांगावे काय? नाही, तसे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. येथे पुरातन मंडळीतील संत ऑगस्टिन यांचे उदाहरण मार्गदर्शक आहे. इ. स. ३९० च्या सुमारास त्यांनी लिहिले की, प्रेषितकाळातील अद्भुते आता चालू ठेविलेली नाहीत, नाहीतर मन नेहमी दृश्यालाच धरून बसेल. पुढे बिशप झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हिप्पो नगरात आरोग्यलाभाच्या घटना पाहिल्या, त्यांचे लेखी वृत्तांत घेण्याची प्रथा पाडली, आणि दोन वर्षांच्या आत जवळजवळ सत्तर वृत्तांत जमल्याची नोंद ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या अखेरच्या भागात केली. मत बदलले ते असे, पुरावा पाहून. पण त्यांच्या चरित्रकाराने, पोसिदियुस यांनी, एक आठवण दिली आहे. ४३० साली वंडलांचा नगरास वेढा पडलेला असता ऑगस्टिन मरणशय्येवर होते. कोणी एका रोग्यास घेऊन आला व हात ठेवा म्हणाला. असे काही सामर्थ्य मजपाशी असते तर मी ते आधी स्वतःवरच नसते का योजिले, असे ऑगस्टिन म्हणाले. आणलेल्या माणसाने आग्रह धरला, स्वप्नात तशी आज्ञा झाल्याचे सांगितले. तेव्हा त्यांनी हात ठेविले, आणि रोगी बरा होऊन गेला. ऑगस्टिन मात्र त्याच आजारात वारले.

पाळकाने याहून अधिक सांगू नये आणि याहून कमीही करू नये, असे आम्हांस वाटते. याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे वडिलांनी रोग्याच्या घरी जावे, तेल लावून प्रार्थना करावी, डॉक्टरांचे औषध चालू ठेवण्यास सांगावे. बरे वाटल्यास उपकारस्तुती करावी. न वाटल्यास पुन्हा जावे, आणि त्यापुढच्या आठवड्यात पुन्हा. पौलाने आपल्या देहातील काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही. त्याच्या विश्वासात काही उणे होते असे कोणत्याही मंडळीने आजवर म्हटलेले नाही. चमत्काराच्या नावाने पैसा उकळणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली व कर्नाटकात २०१७ साली कायदे संमत झाले आहेत. बेळगावकडील धर्मशिक्षकांनी ते वाचून ठेवावेत. कायदा नसता तरी मागच्या रांगेतील त्या माणसाशी आमचे वर्तन निराळे असावयास नको होते.

मुक्तीतील उज्जीवनाचा पहिला भर ओसरला तेव्हा रमाबाईंच्या टेबलावर एक काम पडून होते. प्रचलित मराठी बायबलाची भाषा संस्कृतप्रचुर; दुष्काळातून आलेल्या, नुकत्याच अक्षरओळख झालेल्या बायकांना ती समजत नसे. रमाबाईंनी इब्री व ग्रीक शिकून, एकेक शब्द तपासून, संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणावयास घेतले. पंधरा वर्षांहून अधिक काळ हे चालले. त्यांची श्रवणशक्ती दिवसेंदिवस कमी होत गेली. ती परत आली नाही, आणि ज्या आवारात शेकडो स्त्रिया आरोग्यासाठी व उद्धारासाठी प्रार्थना करीत होत्या त्याच आवारात त्या जवळजवळ बहिऱ्या होऊन वावरल्या. १९२१ च्या जुलैमध्ये एकुलती एक कन्या मनोरमा वारली. मुक्तीचा सगळा भार जिच्यावर सोपवावयाचा तीच गेली. त्या काळातही खिळे जुळविण्याचे व छापण्याचे काम मुक्तीच्या मुलीच करीत होत्या आणि मुद्रिते तपासण्यासाठी रमाबाईंकडे येत होती. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचा अंत झाला. मुद्रितांचे काम तोवर त्यांनी हातावेगळे केले होते. संपूर्ण मराठी बायबल १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले.